किराइताचे नऊ दिवस

रुवैस, शनिवार, ११ जानेवारी

आभा,

व्हॉट्सॲपवर मी ब्लॉक, फोनवर ब्लॉक. राहिला तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवरचा हा ईमेल. तो फॉर्म मीच भरला होता म्हणून माझ्याकडे आहे, नाहीतर हाही तू मला दिला नसतास. बंद करायचा तर कर, पण एवढं वाचून मग कर. मराठी तुला सावकाश वाचता येतं, ठाऊक आहे मला. अडलं तर मोठ्यानं वाच. हॉस्टेलच्या मुली हसल्या तर हसू देत.

काल दुपारी अर्चना खाली आली होती. आपल्या वरच्या फ्लॅटमधली, सान्वीची आई. सान्वी आता नववीत आहे, ताडमाड वाढलीय. दार उघडलं तर अर्चना आत यायला तयार नाही. दारातच उभी राहून कुजबुजली, "अनुताई, सान्वीला लघवीला जळजळ होतेय. दोन दिवस झाले. तुमचं ते किराईत द्याल का थोडं?"

आणि मी दिलं.

ओरड आता. दिलं मी. बाल्कनीतल्या कुंडीतल्या चार फांद्या खुडल्या, कागदात गुंडाळल्या, वर सांगितलंसुद्धा, दोन कप पाण्याचा एक कप होईस्तोवर उकळ, गूळ घालू नकोस, उपाशीपोटी दे. तोंड आपोआप बोलत होतं. ती जिना चढून गेली, मी दार लावलं आणि तिथेच चपलांच्या स्टँडवर बसले.

तिला दवाखान्यात ने म्हणून सांगणार होते गं. जिभेवर होतं. पण ती आधीच म्हणाली, "आभाला तुम्ही किराइतानंच उभं केलंत ना, सगळी कॉलनी सांगते." आता यावर मी काय बोलायचं? कॉलनीला सांगितलं कोणी? मीच. तू एप्रिलमध्ये अबू धाबीच्या आयसीयूतून परत आलीस, बायका नारळपाणी घेऊन बघायला आल्या, आणि कोणीतरी विचारलं की एवढं कसं काय वाढलं, आधी काही कळलं नाही का? माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, अचानक झालं हो, अँटिबायोटिक चालू होतीच, पण ताकद धरली ती माझ्या किराइतानं. तू आतल्या खोलीत होतीस. ऐकलं असशील.

तू डॉक्टरना "since yesterday" म्हणालीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस. नऊ दिवस होते ते. नऊ दिवस मी तुला घरात ठेवून काढा पाजला आणि तुझी किडनी जायची वेळ आली. हे तुला माहीत आणि मला. तुझ्या बाबांना आजतागायत नाही.

तर आता मुद्द्याचं. अर्चनाला खरं सांगायचं तर तुझं सांगावं लागेल. गोष्ट तुझी आहे, तुला विचारल्याशिवाय कशी सांगू? एका शब्दात कळव. Yes किंवा no.

आई


रुवैस, रविवार, १२ जानेवारी

आभा,

उत्तर नाही. रविवार आहे, तू उशिरा उठली असशील. मी सकाळपासून अकरा वेळा फोन बघितला.

एक सांगू? रागावू नकोस. किराईत वाईट नाही गं. आमच्या कुडाळला परसात आपोआप उगवायचं. ताप आला, किराईत. पोटात जंत झाले, किराईत. पाय सडला, पू झाला, किराइताच्या पाण्यानं धू. आम्ही पाच भावंडं नाक दाबून तेच पिऊन मोठी झालो. डॉक्टर होता तो सावंतवाडीला, आणि एसटी दोनदा. तिथे दुसरा इलाज नव्हता म्हणून ते प्यायचं. इथे दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. हा फरक मला कळत नव्हता असं तुला वाटतं का?

इथे आल्यावर मी काय केलं असतं सांग. बाबा बारा तासांच्या शिफ्टवर, तू शाळेत, माझ्याकडे लायसन्स नाही. बाहेर पडलं की तोच एक मॉल, तीच कंपनीची घरं, त्याच बायका. मे महिन्यात तर बाल्कनीचं दार धरवत नाही. मग मी आईकडून बी आणलं, कुंड्या आणल्या. वीस दिरहमची एक, म्हणजे पावणेपाचशे रुपये, मातीच्या गोळ्याला! तुझे बाबा हसले होते. पण रोप धरलं, आणि गवती चहाही धरला. मग मी तो चहा करायला लागले, गवती चहा, सुंठ, तुळस आणि चिमूटभर सुकं किराईत. बायकांना आवडला. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस पाकिटं लुटली मी, आठवतं ना, तूच लेबलं चिकटवलीस. "Aai, you are a brand now" म्हणालीस. या गावात वीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी विजयकुमारांची मिसेस सोडून दुसरं काही म्हटलं होतं.

हे तुला पटावं म्हणून लिहीत नाहीये. म्हणजे, पटलं तर बरंच आहे.

सान्वीची जळजळ कमी आहे असं अर्चनाचा मेसेज आला. बघ, कधीकधी आपोआपही जातं.

आई


रुवैस, मंगळवार, १४ जानेवारी

आभा,

तीळगूळ घे.

तीळगूळ द्यायचं निमित्त करून सकाळी वर गेले. सान्वी शाळेत गेली नव्हती. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडली होती, गाल लाल. कपाळाला हात लावला तर चटका बसला. "Hi aunty," म्हणाली. तीळगूळ हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"किती आहे गं?" मी अर्चनाला विचारलं.

"एकशे एक. पण थंडी वाजून येत नाहीये, ताई. किराईत देतेय ना तीन वेळा."

मी म्हटलं, "दाखवून घे एकदा." हो, म्हटलं मी. शपथ. पण कसं म्हटलं माहितेय? दाण्याचं कूट संपलंय, येताना आण, असं म्हणतात ना, तसं. अर्चनाला ते ऐकूसुद्धा गेलं नसावं.

ती मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. दार लोटलं. "ताई, संजय ऑफशोअर आहे, तेवीसला येणार. विम्याचं कार्ड लागलं की मेसेज त्याच्या मोबाइलवर जातो. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चौदा वर्षांच्या मुलीला असलं इन्फेक्शन कसं झालं, हा पहिला प्रश्न विचारेल. आणि दवाखान्याच्या काउंटरवर तो राजन. त्याची बायको आपल्या शाळेत. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये कळेल."

आभा, हेच मी. शब्द न् शब्द. एप्रिलमध्ये मला कोणी बोलतं केलं असतं तर मी हेच बोलले असते. तुला मात्र मी म्हटलं होतं की अँटिबायोटिकनं पोट बिघडतं, आधी दोन दिवस घरगुती करून बघू. दोनाचे चार झाले. चाराचे नऊ झाले. किराइतावर माझा विश्वास होता म्हणून नाही झाले. कार्डचा मेसेज बाबांना जाईल आणि राजन काउंटरवर बसलेला असेल, म्हणून झाले. बाबा तेव्हा रिफायनरीच्या शटडाऊन ड्यूटीवर, घरी फक्त झोपायला यायचे. मी तुझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि सांगायचे, बोर्डाच्या परीक्षेचा शीण आहे, झोपू दे तिला.

तू अजून उत्तर दिलं नाहीस. Yes लिही ना.

आई


रुवैस, गुरुवार, १६ जानेवारी

आभा,

कालचा दिवस माझा कसा गेला ऐक, म्हणजे तुझी आई किती शूर आहे ते तुला कळेल.

सकाळी मी दवाखान्याच्या नंबरवर फोन केला. नाव सांगायचं नाही, एका मुलीला ताप आहे, असं आहे, तसं आहे, एवढंच विचारायचं, असं ठरवून. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "Emirates ID number please, ma'am?" मी फोन कट केला. मग अर्धा तास वाटत राहिलं की ती परत फोन करेल.

मग दुसरी अक्कल सुचली. बाल्कनीत गेले आणि किराइताची सगळी रोपं मुळासकट उपटली. पाचही कुंड्या. काळ्या पिशवीत भरून खाली टाकून आले. अर्चनाला मेसेज केला, कीड लागली, सगळं गेलं, आता तू सान्वीला डॉक्टरकडेच ने. मला वाटलं, सुटले! खोटं बोलून का होईना, पोरगी दवाखान्यात जाईल, आणि कोणाला काही सांगायला नको.

पाच मिनिटांत तिचं उत्तर. "डोन्ट वरी ताई, बी ब्लॉकमधल्या अनघाकडे तुमचं वाणाचं पाकीट आहे अजून. आणि फिझाकडेसुद्धा आहे. मी घेऊन आले."

चाळीस घरं, आभा. चाळीस घरांच्या फडताळात माझा किराइताचा चहा आहे, तुझ्या हस्ताक्षरातल्या लेबलाचा. मी कुठे कुठे उपटत फिरू?

दुपारी तुझे बाबा जेवायला घरी होते. मी म्हटलं, "वरच्या सान्वीला बरं नाहीये." ते म्हणाले, "मग तुझा काढा दे की." भात कालवताना अगदी सहज म्हणाले, कौतुकानं म्हणाले. तुझ्या बाबांना माझं कौतुक करता येतं तेवढी ही एकच गोष्ट राहिलीय. मी ताटाकडे बघत बसले. म्हटलं, आत्ता बोल. आमटी वाढली. पुन्हा म्हटलं, आत्ता. ते हात धुवून उठले.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर घर जातं, न सांगावं तर पोर जाते. आणि मी काय करतेय? तुझ्या "yes"ची वाट बघतेय. ताप किती आहे ते आज विचारायलाही गेले नाही. पंख्याच्या आवाजात वरच्या मजल्यावरची पावलं ऐकत बसले. अर्चना बाथरूमकडे जाते, परत येते. जाते, परत येते.

आई


रुवैस, शुक्रवार, १७ जानेवारी

आभा,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी सांगून टाकलं. आता नो म्हणालीस तरी उपयोग नाही.

सकाळी नऊला अर्चनाचा फोन. "ताई, तिला थंडी भरलीय, दात वाजतायत. पाठीत खूप दुखतंय म्हणते. काढा जास्त कडक करू का?"

मी ओट्यावरचं सगळं टाकून, चपला न घालता वर गेले.

दोन ब्लँकेटं अंगावर असून पोरगी हलत होती. ओठ पांढरे. अर्चना तिच्या उशाशी बसून तिचे केस मागे सारत होती, आणि अगदी मऊ आवाजात विचारत होती, "बाळा, खरं सांग. मी रागावणार नाही. काही झालं नाही ना? कोणाबरोबर..."

"Mamma, no," सान्वी म्हणाली. "I already told you. No."

माझ्या कानात काहीतरी फुटलं. आवाज वेगळा, घर वेगळं, पण तो प्रश्न माझा होता. तुला मी स्वयंपाकघरात विचारला होता, तिसऱ्या दिवशी, फोडणी देता देता, तुझ्याकडे पाठ करून. "वेदांगबरोबर अभ्यासाला बसायचीस, तेव्हा काही... खरं सांग." तू म्हणालीस, "नो, आई." आणि मी कपात काढा गाळला. तुझा माझ्यावरचा राग काढ्याचा नाहीच, आभा, हे मला एप्रिलपासून माहीत आहे. मी इतके दिवस काढ्याबद्दल लिहीत होते, कारण ते लिहायला सोपं आहे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. घे, लिहिलं.

मी अर्चनाला म्हटलं, "तिला विचारू नकोस. ती खरं बोलतेय. आणि ऊठ, गाडीची किल्ली घे."

"ताई, पण संजय..."

मग मात्र माझा आवाज चढला. खालपर्यंत ऐकू गेला असेल, जाऊ दे. "खड्ड्यात गेला संजय! आभाला किराइतानं बरं केलं नाही. किराईत पाजत मी तिला नऊ दिवस घरात ठेवली आणि ती बाथरूममध्ये पडली. चार दिवस आयसीयूत होती. तिनं डॉक्टरना कालपासून म्हणून सांगितलं, मला वाचवायला. मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आता ऊठ!"

सान्वी ब्लँकेटातून म्हणाली, "Can we please just go?"

आम्ही दोघींनी तिला धरून जिना उतरवली. दवाखान्यात काउंटरवर राजन होता. तोच राजन, ज्याच्यासाठी मी तुला नऊ दिवस कोंडली. तो वर न बघता म्हणाला, "Card please, madam," आणि कार्ड मशीनवर ठेवून पुढच्या माणसाला टोकन दिलं. एवढंच. आमच्या मागे सहा माणसं उभी होती आणि त्याला चहाला जायचं होतं. सान्वी कोण, कशासाठी आलीय, याच्याशी त्या बाबाला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला तिथेच हसू फुटलं, आणि मग ते हसू काही थांबेना. एका नर्सनं मला पाणी दिलं.

आत त्याच डॉक्टर एमान होत्या. सुदानच्या, तुझ्या वेळच्या. त्यांनी विचारलं, "Since when?" अर्चनाची नजर माझ्यावर होती. मग ती म्हणाली, "Ten days, doctor. I was giving her herbal." डॉक्टर रागावल्या नाहीत. लिहून घेतलं. सान्वीला दोनच प्रश्न विचारले, पाणी किती पितेस, आणि शाळेत बाथरूमला जातेस का. सान्वी म्हणाली, "No, it's gross, I hold it till home." डॉक्टर म्हणाल्या, "Every week I see two girls like this." बस्स. एवढीच होती ती भयंकर गोष्ट. तुलाही त्यांनी हेच विचारलं होतं ना? तू परीक्षेच्या दिवसांत लायब्ररीत सकाळपासून पाणी न पिता बसायचीस. मला तेव्हा ते ऐकूच आलं नाही. त्या दुसरं काही तर विचारत नाहीत ना, याकडेच माझे कान होते.

इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. ॲडमिट केलंय, सलाईनमधून औषध चालू आहे. वेळेवर आलात असंही म्हणाल्या नाहीत आणि उशीर केलात असंही नाही. "इन्शाल्ला" म्हणाल्या.

आई


रुवैस, सोमवार, २० जानेवारी

आभा,

सान्वीचा ताप काल उतरला. काल इडली खाल्ली म्हणे. किडनी नीट आहे. हे आधी लिहिलं, कारण तू हेच आधी शोधशील.

मला हे अर्चनानं सांगितलं नाही. वॉर्डबाहेर एमान भेटल्या, त्यांनी सांगितलं. मी डबा घेऊन गेले होते, मऊ भात आणि तूप. अर्चना दारात आली. डबा घेतला नाही. म्हणाली, "मी तुमच्या दारात उभी होते. पहिल्या दिवशी. तुम्हाला तेव्हा माहीत होतं." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आठ दिवस माहीत होतं. मी तर अडाणीपणानं पाजलं. तुम्ही जाणून पाजू दिलंत." ओरडली असती तर बरं झालं असतं. मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर तो डबा माझ्या तोंडावर फेकला असता.

कॉलनीच्या ग्रुपवर मीच लिहिलं. चाळीस घरं होती ना, एकेका दारात कुठे जाऊ? लिहिलं की माझा चहा चवीपुरता प्या, सर्दीला प्या, पण लघवीची जळजळ, ताप, पाठदुखी असेल तर दवाखान्यात जा, माझ्या मुलीला मी नेलं नव्हतं आणि ती मरता मरता वाचली. निळ्या खुणा होत गेल्या. कोणी एक शब्द लिहिला नाही. मग अनघानं ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला आणि त्याच्याखाली सगळ्या बोलायला लागल्या.

बाबांना मात्र मी ग्रुपवरून कळू दिलं नाही. त्याआधी समोर बसवून सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला कार्डचा मेसेज जाईल म्हणून घाबरले. त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवला. न वाचलेले मेसेज अकराशे चाळीस. बँक, फोन कंपनी, पिझ्झा, विमा, सगळं एकात एक. "मी कधी उघडतो हे?" म्हणाले. मग म्हणाले, "मी काय केलं असतं असं वाटलं तुला? तिला मारलं असतं? तुला हाकललं असतं? वीस वर्षांत काय बघितलंस माझ्यात?" त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण आभा, आवाज न चढवता माणूस कसा घरभर भरून राहतो हे त्यांना कोण सांगणार? ते आता तुझ्या खोलीत झोपतात. सकाळी चहाचा कप स्वतः धुवून ठेवतात.

मी भिंतींना सांगून पाहिलं की आता बरं वाटतंय, खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तसं काही वाटत नाही. खोटं बोलत होते तेव्हा निदान दारावर बायका यायच्या.

तुझं उत्तर येणार नाही, कळलं. तरी लिहिते.

आई


रुवैस, बुधवार, २२ जानेवारी

आभा,

काल तुझा फोन आला.

स्क्रीनवर तुझं नाव बघून मी आधी दोन रिंग नुसतीच बघत राहिले. कॉलेजचा ईमेल तू परीक्षेच्या रिझल्टसाठी काल उघडलास, सगळी पत्रं एका दमात वाचलीस, पाच तास लागले म्हणालीस. पहिलं वाक्य, "Is Sanvi okay?" मी म्हटलं, बरी आहे, आज घरी सोडलं. तू श्वास सोडलास तो मला ऐकू आला. मग म्हणालीस, "You should have told them the first day. You didn't need a yes from me." मी हो म्हटलं. तुझं बरोबरच आहे. तुझ्या येसच्या मागे मी लपले होते, तू गप्प आहेस म्हणून मला गप्प बसता येत होतं.

मग तू विचारलंस, "तू अर्चना आंटीला म्हणालीस की सान्वी खरं बोलतेय. How did you know?"

तू एवढं लांब वाक्य मराठीत म्हणालीस. मला इतका आनंद झाला की मी विचार न करता बोलून गेले, "अगं, कळतं ना. आवाजावरून कळतं. मुलगी खोटं बोलली की आईला लगेच कळतं आणि खरं बोलली तरी कळतं."

तू म्हणालीस, "And mine?"

मी म्हटलं, दारावर कोणीतरी आलंय, थांब हं, करते नंतर. आणि फोन ठेवला.

दारावर कोणी नव्हतं. इतक्या महिन्यांनी माझ्या लेकीनं फोन केला आणि तो मी ठेवला. नंतर केलाही नाही. काल दिवसभर नाही, आज सकाळीही नाही. तुझे बाबा ड्यूटीवर गेले, मी बाल्कनीत रिकाम्या कुंड्यांजवळ बसून हे लिहितेय. समोर रिफायनरीची ज्योत नेहमीसारखी जळतेय.

शुक्रवारी तुला लिहिलं, मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. लिहिताना रडले होते, आणि मनातल्या मनात वाटलंही होतं की आता यापुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही, हीच ती सगळ्यात वाईट गोष्ट. आईला संशय आला, भीती वाटली, चुकली बिचारी. असं वाचून कधीतरी तू माफ केलं असतंस. म्हणून तर तसं लिहिलं. फोनवर तू दोन शब्दांत ते खोडलंस.

फोडणी करपत होती. मी वळून तुझ्याकडे पाहिलंही नव्हतं. तू म्हणालीस, "नो, आई."

कळलं होतं, आभा. तू म्हणालीस त्याच क्षणी कळलं होतं, तू खरं बोलतेयस. एक टक्कासुद्धा शंका नव्हती मला. तरी मी तुझ्यासाठी काढाच गाळला.

आई